ग्राहक भेटला नाही

गोरक्षचं डोकं आधीच तापलेलं. डिलिव्हरी रायडर युनियनकडून बोलणी करायला तो गेला होता, आणि समोरचा कंपनीचा मॅनेजर नव्या करारात अपघात विम्याचं नावसुद्धा घेईना. परवाच एका रायडरचा पाय ट्रकखाली गेला, तरी! शेवटी गोरक्षनं सकाळपासून सुरू झालेल्या संपाचं नाव काढलं, तर हा बाबा खो खो हसायला लागला.

"संप? थांब, गंमत दाखवतो," म्हणत त्यानं कंपनीच्याच अ‍ॅपवरून चहा मागवला.

आणि चहा आला की हो! घेऊन कोण आली, तर सुलभाताई. "घर माझ्या एकटीवर चालतं, मी नाही तुमच्या संपात," असं सकाळीच तोंडावर सांगणारी. गोरक्षला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघितलास तुझा संप?" मॅनेजर म्हणाला. "ए बाई, कप भर सगळ्यांचे."

"सर, आधी ओटीपी सांगा."

"आधी कप भर, मग टेबल पूस. ओटीपीचं नंतर बघू."

सुलभाताईचा चेहरा लालबुंद झाला. तिनं मोबाईल काढला, मॅनेजरच्या नाकासमोर धरला आणि बटण दाबलं, 'ग्राहक भेटला नाही'.

"अगं ए, मी इथंच बसलोय ना!"

"असं? मला तर इथं माणूस दिसत नाही कुणी." चहाचा फ्लास्क उचलून ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"गोरक्ष, उद्या कुठं जमायचंय रे?"