त्यू

विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात बाईंनी फ्रेंच नाटकातला नवरा-बायकोचा प्रवेश वाचायला कुमुदिनीताई आणि दिगंबररावांनाच उभं केलं. लेकाने फ्रान्समधली मुलगी पसंत केली, म्हणून दोघं साठीनंतर फ्रेंच शिकत होते.

ताईंनी पहिलंच वाक्य 'वू' लावून वाचलं.

"वू म्हणजे तुम्ही," बाई म्हणाल्या. "पुस्तकात 'त्यू' आहे. तू. तिकडे नवऱ्याला अहो-जाहो करत नाहीत."

"अहो, पण हे माझे खरोखरचे मिस्टर आहेत!"

वर्ग खदखदून हसला. चुकीचं वाचणं वाईट की बरोबर वाचणं, हेच ताईंना कळेना. शेवटी पुस्तक तोंडापर्यंत नेत त्यांनी फ्रेंचमध्ये कसंबसं वाचलं, "तू दमला आहेस. बैस ना माझ्याजवळ."

पुढची ओळ दिगंबररावांची होती. ती त्यांना सापडेना. ते नुसते बायकोकडे बघत राहिले.

वर्ग सुटल्यावर फाटकापर्यंत ते पुढे पुढे चालत राहिले. ताई मागोमाग चालत विचार करू लागल्या. माफी मागावी का? पण कशाची?

"अहो, रागावलात?"

"छे गं." ते थांबले. "आई गेल्यापासून मला कुणी 'तू' म्हणालंच नव्हतं."

ताईंनी भर रस्त्यात नवऱ्याचा हात धरला.

"चल," त्या मराठीत म्हणाल्या, आणि आपल्याच आवाजाने दचकल्या.