पाहुणा स्पेक्ट्रोमीटर

असोद्याची सुलक्षणा जळगावच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. सेमिस्टर संपत आलं, तरी फिजिक्सच्या लॅबमध्ये तिने फळ्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. फिरके सर फळ्यावर उपकरणाची आकृती काढायचे, रीडिंगही स्वतःच लिहून द्यायचे आणि वर ऐकवायचे, "विज्ञान म्हणजे निरीक्षण, समजलं का?"

तपासणी समिती येणार म्हटल्यावर धुळ्याच्या एका कॉलेजातून टेम्पोने प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारा स्पेक्ट्रोमीटर आला. प्राचार्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. सरांनी सुलक्षणाला त्याच्यापुढे उभं केलं आणि बजावलं, "नुसता डोळा लाव, हात लावू नको. विचारलं तर रोज वापरतो म्हण."

समिती आत आली तेव्हा सुलक्षणाने डोळा लावला. तिला राहवलं नाही. तिने त्याची छोटी दुर्बीण हळूच फिरवली, आणि अंधारात एकामागून एक पिवळी, हिरवी, जांभळी रेघ उजळली. पुस्तकातलं खरंच असतं, हे तिला तेव्हा कळलं.

"रोज वापरता ना?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

एवढं पाहिल्यावर तिला खोटं बोलवेना. "नाही सर, आजच पाहिला. उद्या तो धुळ्याला परत जाणार आहे."

फिरके सरांचा चेहरा पांढराफटक पडला. अध्यक्षांनी त्यांना खांद्याला धरून व्हरांड्यात नेलं. सुलक्षणाला दाराआडून अध्यक्षांचा दबका आवाज ऐकू आला.



"धुळ्याला नका पाठवू, परस्पर आमच्या कॉलेजला पाठवा. सोमवारी आमच्याकडे समिती येतेय."