टोपण

सामानाच्या खोलीची खिडकी बोटभर उघडी ठेवून सूग्वे केव्हाची उभी होती. बाहेर गोड्या पाण्याच्या हौदाशी रुईलिन उकिडवा बसला होता. दुपारची बुडी आटोपून पाहुणे जेवायला गेले होते आणि टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारे त्यांचे रेग्युलेटर तो धूत होता.

गेल्या मंगळवारी काओशुंग शहरातून बेटावर बुडी मारायला आलेल्या एका शिक्षिकेचा श्वास अठरा मीटर खाली अडकला. कितीही ओढलं तरी रेग्युलेटरमधून हवा येईना. रुईलिनने आपली जादाची नळी तिच्या तोंडात दिली, म्हणून बाई वर आल्या. सूग्वेने तो रेग्युलेटर खोलून पाहिला. त्याच्या टाकीला बसणाऱ्या तोंडातली जाळी हिरव्या गंजाने भरली होती. धुण्याआधी त्या तोंडावर टोपण घट्ट बसवायचं असतं, नाहीतर पाणी आत शिरतं. कोणीतरी ते बसवत नव्हतं, आणि तेही बरेच दिवस.

"रुईलिन नवा माणूस आहे," तिचे वडील म्हणाले होते. "नजर ठेव."

म्हणून ती नजर ठेवून होती. रुईलिनने टोपण फडक्याने कोरडं केलं, बसवलं, स्क्रू पिळला, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि मगच रेग्युलेटर पाण्यात सोडला. दुसराही तसाच धुतला. तिसराही. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आपण बघतोय हे याला कळलंय, सूग्वेच्या मनात आलं. आपल्यासाठी चाललंय हे सगळं.

मग त्याने मान वळवून घाटाकडे पाहिलं. तो उठून मांडवाखाली गेला. तिथे सकाळचे धुतलेले रेग्युलेटर वाळत होते. त्यातला एक काढून त्याने उलटा झटकला. आतून पाणी ठिबकलं. त्याने तो झटकन कोपऱ्यातल्या क्रेटमध्ये टाकला आणि वर एक ओला पोशाख पसरला.

सूग्वे तरातरा बाहेर आली. तिने पोशाख बाजूला केला. खाली आणखी तीन होते.

"काय लपवतोयस?"

"लपवत नाही, ताई." त्याने फडकं पिळलं. "हे कोणाला द्यायचे नाहीत. आत पाणी गेलंय. थायतुंगला दुरुस्तीला पाठवून खोलून घ्यावे लागतील."

"पाणी घातलं कोणी?"

त्याने पोशाख पुन्हा क्रेटवर ओढला.

"रुईलिन, ती बाई मेली असती. मी तुला आत्ता बोटीत बसवून घरी धाडू शकते."

"धाडा," तो हळूच म्हणाला. "पण मग रोज हे तपासा. कोणी धुतलेत ते बघू नका, सगळेच तपासा."

तेवढ्यात घाटाच्या पायऱ्या चढून वडील आले. एकाहत्तराव्या वर्षीही दोन रेग्युलेटर खांद्यावर टाकून, शीळ घालत. बेटावरच्या निम्म्या पाणबुड्यांना त्यांनीच शिकवून पाण्यात उतरवलं होतं, सगळे त्यांना मास्तर म्हणत. "बोटीवर विसरून आला होतात," म्हणत ते हौदाशी वाकले आणि त्यांनी दोन्ही पाण्यात सोडले. टोपणं पट्ट्यांना लोंबकळत होती. मग तोंडाकडचं बटण, जे दाबलं की पाणी थेट नळीत शिरतं, ते अंगठ्याने दाबत बुडबुड्यांकडे बघत राहिले.

तोवर रुईलिनचा हात पाण्यात गेला होता. त्याने दोन्ही अलगद वर काढले, जणू मास्तरांच्या हातून घेणं हे त्याचं रोजचंच काम. "मी बघतो, मास्तर. तुम्ही दमलात."

सूग्वेने त्या लोंबकळत्या टोपणांकडे पाहिलं. ती हौदाच्या काठावर बसली.

"बाबा, मला दाखवा ना एकदा," ती म्हणाली. "कसं धुवायचं, पहिल्यापासून."

"चाळीशी उलटली तुझी. आता शिकणार?"

"विसरले म्हणा."

वडील हसले. त्यांनी एक रेग्युलेटर हातात घेतला. "सोपं आहे. आधी…" आणि ते थांबले. टोपणाकडे पाहिलं, उघड्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा टोपणाकडे. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. मग त्यांनी डोळे बारीक करून मुलीकडे पाहिलं.

"तू मला विचारतेयस की तपासतेयस?"



"आधी फडकं, मास्तर," रुईलिन म्हणाला. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता, स्वतःशीच बोलावं तसा बोलत होता. "टोपण कोरडं करायचं."

वडिलांनी फडकं उचललं.

"मग ते बसवायचं. मग स्क्रू. उजवीकडे."

वडिलांचा हात उजवीकडे वळला. ते रुईलिनच्या ओठांकडे टक लावून पाहत होते, पहिल्यांदा पाण्यात उतरणारा माणूस शिकवणाऱ्याकडे पाहतो तसे.