न मोडलेली घडी

पंधरा ऑगस्टच्या सकाळी कपाट उघडलं, तर शाळेचा झेंडा उंदरांनी कुरतडलेला. पोरं रांगेत उभी, गाव जमलेलं, आन् न्हावऱ्याहून नवा झेंडा आणायला वेळ कुठला? करुणा मॅडम रडकुंडीला आल्या.

"माझ्याकडं हाय," म्हणत पार्वतीबाई तरातरा घरी गेली. फौजेतल्या पोराच्या, सुमितच्या शवपेटीवरचा झेंडा तिनं छातीशी धरून आणला. जवानांनी हातात दिला, तसाच तो ट्रंकेच्या तळाशी होता. घडी मोडली की पोरगं खरंच गेलं, असं तिला वाटायचं.

"मॅडम, घडी मोडू नका. वर गेल्यावरच उघडू द्या."

मॅडमनी घडीलाच दोरी बांधली. झेंडा वर चढवला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. "मावशी, घाईत आत फुलं घालायची राहिली ओ!"

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. पण जीव खट्टू झाला. लहानपणी सुमितचं सगळं ध्यान त्या फुलांकडंच असायचं. राष्ट्रगीत संपायच्या आत वेचायला धावायचा आणि गुरुजींचा मार खायचा.

मॅडमनी दोरी तिच्याच हातात दिली. तिनं डोळे मिटून ओढली, आणि डोक्यावर काहीतरी भुरभुरलं.

 

राष्ट्रगीत सुरू झालं, सगळं गाव सावधान उभं राहिलं; आणि एकटी पार्वतीबाई खाली वाकून पदरात पाकळ्या वेचत होती, सुमितच्या पेटीवर गावानं उधळलेल्या, घडीत राहून गेलेल्या, वाळक्या.