मालकाचा आवाज

"थांब! फवारणी बंद कर!" वृषाली ओट्यावरून ओरडली. फवारणीचं विनाचालक यंत्र द्राक्षबागेच्या तिसऱ्या ओळीत शिरलं होतं आणि त्याच ओळीत चेंडूमागे धावत गेली होती तिची दोन वर्षांची ओवी.

"हा मालकाचा आवाज नाही," ओट्यावरचा संगणक शांतपणे म्हणाला.

त्या संगणकाचं सगळं काम वृषालीच बघायची, पण आवाज नोंदवलेला एकट्या सासऱ्यांचा, आणि नवा आवाज नोंदवायचा पासवर्डही त्यांच्यापाशीच. "घराला एक मालक पुरे की गं," आबा हसून म्हणाले होते. कुत्री मध्ये आली की यंत्र अडतं, म्हणून बुटकं काही दिसलं तर थांबायचं नाही, हेही त्यांनीच सांगून ठेवलेलं. आत्ता ते गावात होते, फोन उचलत नव्हते.

धावून ती वेळेत पोचली नसती. तिनं धुण्याच्या पाण्याची बादली उचलली आणि कठड्यावरच्या पर्जन्यमापकावर उपडी केली.

"पाऊस सुरू झाला. फवारणी थांबवली आहे."

ती ओवीला कडेवर घेऊन आली, तेव्हा आबा गाडीवरून उतरत होते. "अगं, एवढ्या उन्हात यंत्र का थांबलं?"

"पासवर्ड सांगा, आबा. माझा आवाज नोंदवते."

"आधी पाणी पी. आवाज किती कापतोय तुझा!"

"असाच नोंदवायचाय. पुढच्या वेळीही असाच असेल."