रिकामं काडतूस

तिने श्वास रोखून ट्रिगर दाबला, पण गोळी सुटलीच नाही. नुसतं टिक वाजलं. तिचे डोळे मात्र गच्च मिटले होते, खांदा पुढे आला होता आणि रायफलची नळी चांगली चार बोटं खाली झुकली होती.

"वारा होता का गं आत्ता?" मागे स्टुलावर बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं.

ती चटईवर तशीच पालथी पडून राहिली. पाच काडतुसांत एक रिकामं त्यांनी गुपचूप सरकवलं होतं. खऱ्या गोळीच्या धक्क्यात सगळं झाकून जातं. रिकाम्या काडतुसाने तिची चोरी पकडली. धक्का बसायच्या आधीच ती धक्क्याला भीत होती.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या कारखान्यामागे मातीचा उंच बांध होता. तिथे हे चाललं होतं. तिच्या रायफलची नळी झिजली होती आणि हजार मीटरच्या निवड स्पर्धेला सहा आठवडे उरले होते. ही निवड चार वर्षांतून एकदाच व्हायची. नवी नळी कोणत्या कॅलिबरची, म्हणजे केवढ्या भोकाची घ्यायची, ते आजच ठरवायला हवं होतं. होती तीच, दणकट धक्क्याची थ्री हंड्रेड मॅग्नम घेतली, तर आठवड्यात काम होणार होतं. मिस्त्रींचा जीव साडेसहा मिलिमीटरवर होता. "गोळी लांब, निमुळती. वाऱ्यातून सुईसारखी जाते, आणि धक्का निम्मा," ते सकाळीच म्हणाले होते. पण त्या नळीला काडतूस आत सारणारा बोल्टही वेगळा लागायचा, आणि तो बाहेरून मागवायचा म्हणजे तीन महिने. तोवर निवड होऊन जाणार.

"वारा नव्हता," ती हळूच म्हणाली.

"मग गेल्या स्पर्धेत होता म्हणालीस तो? आणि त्याच्या आदल्या?"

मिस्त्री उगाचच एक स्क्रू पुसत बसले.

तीन वर्षं ती प्रत्येक हुकलेली गोळी वाऱ्याच्या नावावर खपवत आली होती. खरं सांगायचं कसं? माहेरी तिला सायकलसुद्धा कोणी धड चालवू दिली नव्हती. लग्न होऊन या घरात आली, तेव्हा नवरा फुगा फुटला तरी दचकणारा. सासऱ्यांनी एकदा सहज तिला क्लबात नेलं, आणि तिने पहिल्याच दिवशी कागदाच्या मधोमध भोक पाडलं. त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून आपली रायफल काढली आणि तिच्या हातात दिली. याच रायफलवर त्यांनी बक्षिसं मिळवली होती. "आता ही तुझी," एवढंच म्हणाले. शेजारपाजारचे हसले, नातेवाइकांनी नाकं मुरडली. ते दर रविवारी न चुकता तिच्यामागे स्टूल टाकून बसत राहिले. दरवर्षी विचारायचे, "कॅलिबर बदलायचं का? तूच ठरव हं." ती दरवर्षी म्हणायची, "तुमचंच बरं आहे, बाबा."

रविवारी घरी परतली, की सासूबाई न विचारता गरम पाण्याची पिशवी तिच्या उजव्या खांद्यावर ठेवायच्या. "या घरात खांदे काय फुकट वाटतात?" असं पुटपुटायच्या, आणि नेमकं निळं पडलेल्या जागीच हलकेच दाबायच्या. कुठे दुखतं हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

ज्या माणसाने आपल्याला उभं केलं, त्याची वस्तू नको कशी म्हणायची? तिला ते कृतघ्नपणाचं वाटायचं. म्हणून ती दात आवळून गोळ्या झाडत राहिली.

आता तिने बोल्ट मागे ओढला. ते रिकामं काडतूस चटईवर पडलं. ती उठून बसली, कानांवरची झाकणं काढली आणि सासऱ्यांकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, मला ही झेपत नाही. पहिल्या दिवसापासून नाही झेपत. मिस्त्रीकाका, साडेसहाचीच लावा. निवड हुकली तर हुकली."

बोलून झालं आणि तिने रायफल त्यांच्या पायाशी ठेवली.

सासऱ्यांनी मिस्त्रींकडे पाहून मान हलवली. मिस्त्री आत गेले आणि एक लांब लाकडी पेटी घेऊन आले. आत तेलाच्या कागदात गुंडाळलेली नवी नळी होती. शेजारी बोल्ट. नळीवर साडेसहाचा आकडा कोरलेला होता.

"दोन महिने झाले येऊन," मिस्त्री म्हणाले. "पण तुमच्या सासऱ्यांनी बजावलं होतं. ती स्वतःच्या तोंडाने मागेल तेव्हाच काढायची. तोवर तीन महिने लागतात असंच सांगायचं. परवापर्यंत बसवून देतो, ताई."

तिने नळीवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते, समोरचा आकडा धूसर झाला होता.

"मग तुम्हीच का नाही सांगितलंत, बाबा?"

"मी सांगितलं असतं, तर तू माझ्या शब्दाखातर हो म्हणाली असतीस. तीन वर्षं तेच चाललंय की."

सासरे सावकाश खाली वाकले. त्यांनी जुनी रायफल उचलून मांडीवर आडवी घेतली आणि तिच्या दस्त्यावरची माती तळहाताने पुसली.

"मला ही माझ्या वडिलांनी दिली होती," ते म्हणाले. "झेपत नाही, हे त्यांना सांगायचं माझं राहूनच गेलं."