पहिला घास

“जंतू बकऱ्याचा नाही, मकबूलभाई. तुमचा आहे.”

जनावरांच्या डॉक्टर वैदेहीने दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक मकबूलच्या बकऱ्याच्या, बादलच्या, जबड्यावरच्या गळूचा. दुसरा मकबूलच्या अंगठ्याचा, दोन महिन्यांपूर्वीचा. नखाशी पू झाला होता, तेव्हाचा. जनावरांच्या डॉक्टरने माणसाचा रिपोर्ट का मागवला, ते मकबूलला आत्ता कळलं.

“पन माझं तर कधीच बरं झालं, मॅडम.”

“तुमचं झालं. पण तो तुमच्याकडून बकऱ्यात गेला आणि तिथं रुळला. लॅबने नीट तपासून पाठवलंय. बकऱ्याच्या अंगात कसं राहायचं ते शिकलाय तो. तुम्हाला ज्या गोळ्यांनी गुण आला, त्या आता त्याच्यावर चालत नाहीत.”

मकबूलने अंगठा मुठीत लपवला. ईदच्या कुर्बानीचा बकरा जिवापाड वाढवायचा, ही त्याच्या घरची रीत. कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये जागा ती केवढी, पण बाल्कनीत बादल शेटजींच्या थाटात राहायचा. त्याच दुखऱ्या अंगठ्याने मकबूल त्याला आपल्या ताटातली भाकरी कुस्करून भरवत आला होता; पहिला घास त्याचा, मग आपला. मायेने भरवताना आपणच हे त्याच्या तोंडात घातलं, या विचाराने त्याला रडू आलं.

“परत मानसात येईल?”

“येऊ शकतो. घाबरू नका.” डॉक्टरने असं म्हटलं की माणूस जास्तच घाबरतो. “त्याला वेगळा ठेवा. हात लावला की साबणाने धुवा. घरात कुणाला जखम वगैरे?”

“नाय, कुनाला नाय.”

मग त्याला आठवलं. सहा वर्षांच्या अलिशाचा पुढचा दात आज सकाळीच पडला होता. हिरडीतून रक्त येत होतं आणि ती आरशात बघून हसत होती.

त्याने घरी फोन लावला. घाईत नंबर दोनदा चुकला. फोन अलिशानेच उचलला. तिच्या तोंडात काहीतरी होतं.

“बेटा, बादलजवळ जाऊ नको. अम्मीला फोन दे.”

“मी बादलजवळच बसलेय, अब्बा. तुमी शिकवलं तसंच भरवतेय.”

“कसं?”

“एकाच भाकरीतलं.” तिने तोंडातला घास गिळला. “आधी त्याने चावायचं. मग मी.”